अक्कांच्या मागे शिकेकाईचं पोतं घेऊन: भुसावळ ते साक्री आणि परत

साक्रीकडे लोक लग्नाला जातात, जमिनीच्या कामाला जातात, नाहीतर बदली झाली म्हणून तोंड वाकडं करून जातात. मी शिकेकाई आणायला गेलो. घरी एवढंच सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. फक्त त्यात उज्ज्वलाचं नाव नव्हतं.

उज्ज्वला आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहते. तिचे वडील नाना मालगाडीवर गार्ड आहेत. गेल्या वर्षापासून ती मागच्या अंगणात केसांसाठी शिकेकाईचं मिश्रण आणि माक्याचं तेल करते. मिश्रणात शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, थोडी मेथी आणि वाळवलेली जास्वंद. सुरुवातीला शेजारच्या दोन-तीन बायका न्यायच्या, आता निम्मी कॉलनी तिच्या पुड्यांवर न्हाते. होळीच्या आधी कॉलनीतल्या बायकांचा आनंदमेळा असतो. त्यात या वेळी तिला पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं. आणि नेमकी त्याच वेळी बाजारातली शिकेकाई निघाली किडकी. माझ्यासमोर तिनं एक शेंग मोडली तर आतून नुसती पूड सांडली.

"ही विकली तर पुढच्या वर्षी टेबलही नाही आणि गिऱ्हाईकही नाही," ती म्हणाली.

तिची आत्या म्हणजे अक्का, नानांची थोरली बहीण. अक्कांचं सासर साक्रीच्याही पुढे, पिंपळनेरकडच्या डोंगरात. यजमान गेल्यापासून त्या भावाकडेच असतात. त्या म्हणाल्या, मी जाऊन आणते, पोती उचलायला कुणीतरी द्या. मी लगेच हात वर केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा प्रवास तुम्हाला नुसता एसटीचा प्रवास वाटेल. त्याच्या आठवडाभर आधी मी नानांच्या घरी जाऊन, चप्पल पायातच ठेवून, मला उज्ज्वलाशी लग्न करायचंय असं सांगून आलो होतो. नानांनी विचारलं, करतोस काय. म्हटलं, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं, सध्या काकांच्या सायकलच्या दुकानात बसतो. नानांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "अक्का म्हणेल तसं." त्या घरात अक्कांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, नानाही नाहीत. म्हणजे ही साक्रीची वारी माझी तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षक माझ्या शेजारच्या सीटवर बसणार होत्या.

निघताना उज्ज्वला फाटकाशी आली. "तू पोतं उचलशील याची खात्री आहे मला," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवशील याची नाही. कुणाशी भांडू नकोस. बाकी काही नको करूस."

मी वचन दिलं. तिनं मागितलं असतं तर सातपुडा उचलून आणायचंही दिलं असतं.

पहिला दिवस: भुसावळ ते धुळे

कुणाला याच रस्त्यानं जायचं असेल तर सकाळची पहिली धुळे गाडी धरा. जळगावपर्यंत दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा असतात, खिडकीतून वारा गार लागतो. एरंडोल सोडलं की हिरवं संपतं, पारोळ्याला पोचेपर्यंत ऊन मांडीवर येऊन बसतं. डाव्या बाजूची सीट घेऊ नका.

आमच्याकडे रिकामी पोती होती आणि तिळाच्या तेलाचा एक पत्र्याचा डबा, माक्याचं तेल तिकडेच कढवायचं म्हणून. कंडक्टर डबा पाहून म्हणाला, तेल गाडीत चालणार नाही, उतरवा. माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. मी म्हटलं, "कुठे लिहिलंय ते दाखवा."

अक्कांनी माझा शर्ट मागून ओढून मला खाली बसवलं आणि कंडक्टरकडे पाहिलं. "भाऊ, तुना केस झडी राह्यनात," त्या म्हणाल्या. "येवाना टाईमले तुले एक बाटली देसू."

कंडक्टरनं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि दोन तिकिटं फाडली. डबा माझ्या पायांत राहिला.

पारोळ्यापर्यंत अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी विचारलं, "पोऱ्या, तू कॉलेज काबरं सोडं?"

"प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडण झालं."

"मंग सरनी सोडं का कॉलेज?"

मी पायांतला डबा उगाच सरळ केला. 

धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. झणझणीत तर्री, वर बोटाएवढी जाड शेव, कांदा आणि गरम भाकरी. दोघांचं पोट भरलं तरी खिसा हलका झाला नाही. मुक्काम अक्कांच्या मावसबहिणीकडे. तिथे मी कुणाचा कोण हे अक्कांनी सांगितलं नाही. "पोतं उचलाले आनेल शे," एवढीच माझी ओळख.

दुसरा दिवस: साक्रीचा बाजार आणि डोंगरातलं अंगण

धुळ्याहून साक्रीचा रस्ता कुसुंबा, नेर करत पांझरा नदीच्या सोबतीनं जातो. साक्रीचा आठवडेबाजार गाठायचा तर सकाळीच पोचा. उन्हं चढली की चांगला माल व्यापाऱ्यांच्या पोत्यांत गेलेला असतो.

डोंगरातल्या बाया टोपल्यांतून शिकेकाई घेऊन ओळीनं बसलेल्या. लांबून सगळ्या शेंगा सारख्याच दिसतात. मी पहिल्याच टोपलीजवळ वाकलो तर अक्कांनी मला कोपरानं बाजूला केलं. शेंग कानाशी धरून हलवली. फार खुळखुळली तर बी जास्त आणि साल पातळ, म्हणून ती परत टोपलीत. न खुळखुळणारी मोडली, तुकडा तळहातावर घेतला, माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी शिंपडून चोळला. पांढरा बारीक फेस आला आणि लवकर बसला नाही.

"हाई ले," अक्का मला म्हणाल्या, आणि टोपलीवालीला भाव विचारून निम्मा सांगितला.

टोपलीवाली हसली. "अक्का, निम्म्यात तर नुसता काटा मिळेल. झाडाला काटे असतात, माहिती आहे ना?" तिनं दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते.

अक्कांनी ते ओरखडे नीट पाहिले, मग ती म्हणेल तो भाव दिला. वर तिच्याकडून मूठभर रिठे मागून घेतले, ते मात्र फुकट. दोन पोती भरली. मी ती खांद्यावर घेऊन जीपच्या टपावर चढवली, आणि जीपवाल्यानं पोत्यांचं वेगळं भाडं मागितलं तेव्हा दात आवळून आकाशाकडे बघत राहिलो. अक्कांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी मला बाजारातली एक शेंगदाण्याची चिक्की दिली.

पिंपळनेरच्या पुढे डांबरी रस्ता संपतो. जीपमध्ये किती माणसं बसतात ते विचारू नका. जितकी रस्त्यात उभी असतात तितकी. अक्कांचं सासर ओढ्याच्या काठावर. घरात त्यांची जाऊ, दोन म्हशी आणि प्रचंड मोठं अंगण. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, जाऊबाईंनी चौथी विचारायची तसदी न घेता ताटात टाकली.

मग माका. ओढ्याच्या ओलीत तो आपोआप उगवतो, आपल्याकडे त्याला गवत समजून उपटून फेकतात. पांढरी, शर्टाच्या बटणाहून लहान फुलं. दोन टोपल्या भरून आणला, धुतला, पाट्यावर वाटला. वाटताना हात हिरवे होतात आणि बघता बघता काळे पडतात, आणि ते काळं साबणानं जात नाही. हे लिहितानाही माझी नखं कोळशाच्या वखारीतली वाटतायत.

अंगणात तीन दगडांची चूल मांडून लोखंडी कढई ठेवली. तिळाचं तेल, त्यात माक्याचा रस, वरून जास्वंदाची फुलं. रस पडताच तेल असं तडतडलं की म्हैस उठून उभी राहिली.

अक्कांनी मला कढईजवळ पाट दिला. "आइक," त्या म्हणाल्या. "त्ये बोलस तवलग त्यामा पानी शे. गप्प व्हयनं का उतारानं. उशीर व्हयना ते करपी जाई."

म्हणजे डोळ्यांचं काम नव्हतं, कानाचं होतं. जाळ मंद ठेवायचा, कालथा फिरवायचा आणि तडतड ऐकायची. पाणी उरलं तर तेलाला आठ दिवसांत वास येतो, एक क्षण जास्त झाला तर करपट. मी ऐकत बसलो. दुपार उतरली. तडतडीची चुरचुर झाली, चुरचुरीची कुजबुज. कुणी काही विचारलं तर मी नुसता हात वर करायचो.

जाऊबाई शेवटी अक्कांना म्हणाल्या, "पोरगा मुका शे का?"

"नही," अक्का म्हणाल्या. "परीक्षा चालू शे त्यानी."

माझे कान तापले. अक्कांना सगळं माहीत आहे हे मला माहीत होतं, पण असं चारचौघांत, म्हशींसमोर. तेवढ्यात कढईतली कुजबुज थांबली. मी ओरडलो आणि आम्ही दोघांनी मिळून कढई खाली उतरवली. तेल गडद हिरवं आणि नितळ. अक्कांनी थेंब बोटावर घेऊन वास घेतला आणि ते बोट स्वतःच्या भांगात फिरवलं. तो दिवस माझा होता.

तिसरा दिवस: धुळ्याची गिरणी आणि नरडाण्याचा नळ

शिकेकाई कुटायची कुठे, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. कुणालाही विचारा. पिठाच्या गिरणीवाल्यासमोर शिकेकाईचं नाव काढलं की तो हात जोडतो. धुळ्यात अक्कांच्या ओळखीच्या गिरणीवर पोती उतरवली तर गिरणीवाले आबा बाहेरच आले.

"शिकेकाई ना? एकदा दळली होती. पुढे ज्यांची दळणं होती त्यांच्या भाकरीला फेस आला. आठ दिवस माझ्या नावानं शिव्या." ते समजावून म्हणाले, "परवा दगडाला टाकी लावायची आहे, छिन्नीनं नव्या खाचा पाडायच्या. त्याच्या आधीचं शेवटचं दळण तुमचं घेतो. टाकी लावली की दगड पुन्हा नवा. परवा या."

परवा म्हणजे उज्ज्वलाचा मेळा. मी तोंड उघडलं, फाटकापाशी दिलेलं वचन आठवलं आणि मिटलं.

आबांनीच पुढची गल्ली दाखवली. तिथे रफिकचाचांचं मिरची कांडप होतं, लोखंडी मुसळं धडधड आपटणारं यंत्र. नंदुरबारची मिरची नुकतीच आली होती, गल्लीतली कुत्रीसुद्धा शिंकत होती. चाचा नाकाला रुमाल बांधून बसलेले.

"अक्का, आज सकाळपासून मिरचीच चालू आहे," ते म्हणाले. "झाडून देतो, पण मिरची ती मिरची. बघा तुम्ही."

"झाडी दे," अक्का म्हणाल्या. त्यांनाही गाडीची घाई होती. "शिकेकाई बी काही गोड नही."

चाचांनी मन लावून झाडलं. पण मी वाकून पाहिलं तर उखळाच्या कडेला, जिथे पत्रा दुमडलेला असतो तिथे, लाल रेघ तशीच होती. ती मला दिसली आणि शब्द जिभेवर आले. तिसरा दिवस होता, संध्याकाळी घर, आणि कालचं तेल साधलेलं. अक्का हो म्हणाल्यात, मी कोण सांगणारा. मी गिळलं. सामान उचलण्यासाठी आणलेला माणूस, मी सामान उचललं.

पहिलं पोतं कुटून झालं आणि लाईट गेली. दुसरं तसंच अख्खं बांधून घेतलं. चाचांनी लाईट यायची वाट बघा म्हणून चहा पाजला, पण लाईट आली नाही.

पोती घेऊन एसटीत पुन्हा हुज्जत नको म्हणून अक्कांनी रेल्वेचा मार्ग काढला. आग्रा रोडनं टेम्पोत बसून नरडाणा आणि तिथून सुरतेकडून येणारी पॅसेंजर. सोनगीरवरून जाताना दुकानांत तांब्या-पितळेची भांडी चकाकतात. वेळ असेल तर उतरा, आम्हाला नव्हता. नरडाण्याला पोचलो तर गाडी लेट. किती, ते स्टेशनवरही कुणाला ठाऊक नव्हतं.

अक्का पोत्याला टेकून डुलक्या घेऊ लागल्या. मी कुटलेल्या पोत्याचं तोंड सोडलं. रंग सुरेख, बदामी. हात उन्हात तिरका धरला की मात्र किंचित लाल. वास घेतला, शिंकलो. पण शिकेकाईनं कोण शिंकत नाही.

डोक्यात एकच घोळत होतं. हे पुड्यांत जाणार, पुड्यांवर उज्ज्वलाचं नाव, आणि परवा कॉलनीतल्या पन्नास बायका हे डोक्याला चोळणार. त्यांच्या पोरीही. अक्कांना उठवून सांगावं तर, तुम्ही चुकलात, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं आणि तेही कदाचित उगाच. आणि नुसताच माझा संशय असला तर? म्हटलं, खात्री करू.

फलाटाच्या टोकाला नळ होता. मूठभर पूड भिजवली, डोकं नळाखाली धरलं आणि चोळली. सुंदर फेस आला. साक्रीच्या बाईनं खरा माल दिला होता. मी मनातल्या मनात स्वतःला हसलो.

मग कानामागे मुंगी चावल्यासारखं झालं. मग मुंग्यांचं वारूळ. मग कुणीतरी टाळूवर तवा उपडा घातला. फेस डोळ्यांत उतरला आणि मला नरडाणा दिसेनासं झालं. नळ चाचपला तर त्याची धार करंगळीएवढी होऊन थांबली. मी फलाटावर गोल गोल फिरत होतो, हे मला नंतर सांगण्यात आलं.

फलाटावर एक ताकवाली होती. तिनं शांतपणे विचारलं, "दादा, प्यायला देऊ की डोक्याला?"

"डोक्याला."

तिनं अख्खं मडकं ओतलं. ताकाचे पैसे घेतले, मडक्याचं कौतुक मात्र फुकट केलं, म्हणाली या मडक्यातलं ताक कुठेही लागू पडतं.

डोळे उघडले तेव्हा समोर अक्का उभ्या. "हाई काय करं?"

"तपासलं."

"माले सांगता नही येत व्हतं का?"

आणि तीन दिवस मंद जाळावर ठेवलेलं माझं सगळं एकदम उतू गेलं. "तुम्ही हो म्हणालात," मी म्हटलं. "मी काय बोलणार? यंत्राच्या कडेला मिरची होती, आंधळ्याला दिसली असती. चाचा स्वतः सांगत होते. तुम्हाला घाई. तुमच्यासमोर बोललो तर भांडखोर, नाही बोललो तर पोतं उचलणारा. हे पोतं मी घरी जाऊ देणार नाही, अक्का. नापास करायचं तर करा."

आजूबाजूचे लोक सरकून जवळ आले. डोक्यावरून ताक गळत असताना माणूस फार रुबाबदार दिसत नाही, तरी मी पूर्ण भांडून घेतलं.

अक्कांनी सगळं ऐकलं. मग पोत्यात बोट घालून जिभेला लावलं. डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं टिपलं.

"मिरची चांगली शे," त्या म्हणाल्या. "नंदुरबारनी."

एवढंच. गाडी आली, मी पोती आणि तेलाचा डबा चढवला. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, जळगाव गेलं. अक्का माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि मी खिडकीत डोकं धरून वारा घेत होतो. माझी परीक्षा नरडाण्याच्या फलाटावरच संपली असं मी धरून चाललो होतो.

घरी

उज्ज्वलानं दार उघडलं, माझे लाल डोळे पाहिले आणि विचारलं, "कोणाशी भांडलास?"

"तुझ्या आत्याशी."

ती कपाळाला हात लावून खाली बसली. अक्कांनी तिला बाजूला सारून दुसरं पोतं अंगणात आणायला सांगितलं. ते अख्खं होतं, तेवढं पुरणार होतं. शेजारून उखळ-मुसळ आणलं आणि मी बाह्या वर केल्या. शिकेकाई हातानं कुटणं म्हणजे काय ते कुणाला बघायचं असेल तर यावं. पहिल्या घावाला मी शिंकलो, दहाव्याला उज्ज्वला, मग पलीकडच्या क्वार्टरमधल्या काकू आणि त्यांचा पोपट. ड्यूटीवरून आलेले नाना फाटकापासून शिंकत आत आले. उज्ज्वला चाळत होती, मी कुटत होतो आणि आम्हा दोघांना बोलायची सोय नव्हती, कारण तोंड उघडलं की नाकात जायचं. इतका वेळ तिच्या समोर बसायला मला याआधी कधी मिळालं नव्हतं.

मिरचीचं पोतं अक्कांनी वाया जाऊ दिलं नाही. परसात कुंपणाच्या कडेनं, झाडांच्या आळ्यांभोवती टाकलं. कॉलनीतल्या शेळ्या त्या कुंपणाकडे आता फिरकत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: शिकेकाई साक्रीच्या बाजारातच घ्या आणि बिया घरी काढा. तेल ऐकून उतरवा. कुटायला गिरणीच्या टाकीचा दिवस आधी विचारून ठेवा, नाहीतर सरळ उखळ. आणि नरडाण्याच्या नळाच्या भरवशावर राहू नका.

पुड्या बांधून झाल्या तेव्हा नाना खुर्ची घेऊन अंगणात बसले. मी हातातलं मुसळ खाली ठेवलं. उज्ज्वला चाळणी हातात धरून उभी राहिली, चाळायचं सोडून.

"मग अक्का," नाना म्हणाले. "कसा आहे पोरगा?"

अक्का पदरानं हात पुसत होत्या. "डोकं गरम शे," त्या म्हणाल्या. "माले बी सोडं नही, बठ्ठा स्टेशनसमोर भांडना."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे.

"पन जे दुसराले देवानं शे," अक्का म्हणाल्या, "ते पहिले सोताना डोकावर लाई देखस."

"पूड स्वतःच्या डोक्याला लावून पाहिलीस?" नानांनी मला विचारलं, आणि मी मान डोलावली. मग नाना उठले, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि आत जाता जाता म्हणाले, "डोक्याची आग थांबली की वडिलांना घेऊन ये. घाई नाही."

आग थांबायची मी काही वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच वडिलांना सायकलवर डबलसीट घेऊन गेलो.